कमोड घेण्याआधी फरशीखालचं बघा

‘घर-दुरुस्ती’ या सदरासाठी आलेली संडासाबद्दलची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रं अमळनेरपासून शहाद्यापर्यंतची आहेत, पण अडचणी एकमेकींच्या शेजारच्याच आहेत.

प्रश्न : आमचं घर १९९८ सालचं. कमोडला मागून तडा गेला आहे आणि भिंतीवरची दहा लिटरची फ्लश टाकी सतत पाझरते. दुकानात गेलो तर एक जण सायफॉनिक घ्या म्हणतो, दुसरा टॉर्नेडो, तिसरा रिमलेस. आमच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, घरात पाच माणसं. आईचं एकच म्हणणं, ‘‘पानी कोठे शे भो? बादली ठेव!’’ नेमकं काय घ्यावं?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : आईंचं बादलीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, निवड तिथूनच करायची आहे. आपल्या भागात वर्षातले काही आठवडे फ्लश टाकी कोरडी राहते आणि भांड्यात बादलीनेच पाणी ओतावं लागतं. त्या दिवसांतही जे भांडं एका दमात साफ होईल तेच घ्यायचं.

दुकानदार जी नावं घेतात ती सगळी एकाच गोष्टीची नाहीत, म्हणून गोंधळ उडतो. मैला भांड्याबाहेर कसा जातो, याच्या मुख्य पद्धती दोन : वॉशडाउन आणि सायफॉनिक. पाणी भांड्यात कसं सोडलं जातं, हा वेगळा मुद्दा. रिमलेस आणि टॉर्नेडो ही त्याची उत्तरं आहेत.

वॉशडाउनमध्ये वरून पडणारं पाणी आपल्या वजनाने मैला पुढे ढकलतं. मागचा वळणदार रस्ता, म्हणजे ट्रॅप, आखूड आणि रुंद असतो. त्यामुळे काही अडकण्याचा संभव कमी, आणि बादली झपकन ओतली तरी काम होतं. उणीव अशी की भांड्यात साठलेल्या पाण्याचा पृष्ठभाग लहान असतो. कोरड्या उतारावर मैल्याचे ओघळ राहतात, ब्रश हाताशी ठेवावा लागतो. आवाजही मोठा होतो.

सायफॉनिकमध्ये ट्रॅप लांब, अरुंद आणि नागमोडी. टाकीतलं पाणी एकदम आलं की तो ट्रॅप पूर्ण भरतो आणि मग, ड्रममधलं डिझेल नळीने खेचावं तसं, भांड्यातलं सगळं ओढून नेतो. आवाज कमी, भांडं स्वच्छ, पाण्याचा पृष्ठभाग मोठा म्हणून वासही कमी. पण ट्रॅप पूर्ण भरलाच नाही तर ओढ लागत नाही. टाकी अर्धी भरलेली असताना बटण दाबलं, किंवा बादली हळूहळू ओतली, की पाणी नुसतं वर चढतं आणि उतरतं, मैला तिथेच. अरुंद वळणात सॅनिटरी पॅड किंवा जाड टिश्यू अडकला तर तारही सहज फिरत नाही.

आता पाणी सोडण्याचा भाग. जुन्या भांड्याच्या काठाखाली पोकळ कड असते, तिच्या खालच्या भोकांतून पाणी झिरपतं. बोअरच्या जड पाण्याने ही भोकं क्षार साठून बुजतात. रिमलेसमध्ये ती कडच नाही, मागच्या एका तोंडातून पाणी सुटून काठाकाठाने फिरतं. साफ करायला हे सगळ्यांत सोपं. बसवताना मात्र पाण्याचा जोर तपासायचा, जास्त झाला तर पाणी सीटवर उडतं. टॉर्नेडोत बाजूच्या दोन-तीन तोंडांतून पाणी गरगरत उतरतं. थोड्या पाण्यात भांडं चांगलं धुतलं जातं, पण तोंडं लहान, म्हणून क्षाराचा त्रास पुन्हा आलाच.

तुमच्यासाठी आमचं मत : वॉशडाउन, रिमलेस, बाहेरची दोन बटणांची टाकी, ६/३ लिटरची. हिशोब करून पाहा. प्रत्येक माणूस दिवसाला एकदा मोठं आणि चारदा छोटं बटण वापरतो असं धरू. जुन्या टाकीत प्रत्येक वेळी १० लिटर, म्हणजे पाच माणसांचे दिवसाला २५० लिटर. चार दिवसांत हजार लिटरची अख्खी टाकी संडासातच गेली, आणि पाझर वेगळा. नव्या टाकीत माणशी ६ अधिक १२, म्हणजे १८ लिटर. पाच जणांचे ९०, चार दिवसांचे ३६०. नळाच्या एका पाळीत ६४० लिटर हातात राहतात. (दोन बटणांची ही कल्पना ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास बाजारात आली, तेव्हा ती ११ आणि साडेपाच लिटरची होती. तोही पाण्याची ओढ असलेलाच देश.)

साडेचार किंवा चार लिटरचे कमोडही मिळतात. घर १९९८ चं असेल तर त्यांच्या मोहात पडू नका. भांडं साफ होईल, पण मैला चेंबरपर्यंत (घराबाहेरच्या झाकणाच्या हौदापर्यंत) पोचायला चार इंची लाइनला उतार हवा : दहा फुटांना दोन ते तीन इंच. जुन्या लाइनला तो क्वचितच नीट असतो. त्यात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइप मधेच बसतो. कमी पाणी सोडलं की त्या खळग्यात गाळ धरतो. चेंबरचं झाकण काढून एकदा फ्लश करून बघा. पाणी आल्यावर मैला पाच-सात सेकंदांत मागोमाग आला तर लाइन ठीक. नुसतं पाणीच आलं तर आधी लाइन, मग कमोड.

फ्लशची ताकद मोजायची एक चांगली चाचणी अमेरिका-कॅनडात २००३ पासून होते. सोयाबीनच्या लगद्याचे गोळे भांड्यात टाकतात आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम गेले ते मोजतात. कमाल हजार ग्रॅम, तिकडच्या पाणीबचतीच्या शिक्क्यासाठी किमान साडेतीनशे. आपल्याकडच्या खोक्यावर हा आकडा सहसा नसतो. म्हणून दुकानातच तीन गोष्टी करा. बोटाच्या सांध्याने भांड्यावर टकटक करा, खणखणीत आवाज यायला हवा. भद्द आला तर आत तडा आहे. ट्रॅपच्या तोंडात हात घालून पाहा, आतपर्यंत गुळगुळीत झिलई लागली पाहिजे, खरखरीत राहिली तर तिथे घाण धरते. तिसरं, भांडं सपाट फरशीवर ठेवून हलवा. डुगडुगलं तर बूड वाकडं आहे. आयएस २५५६ या भारतीय मानकाचा शिक्का बघाच. आणि टाकीच्या आतल्या सायफनचा (बटण दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या भागाचा) वॉशर गावातल्याच दुकानात मिळतो का, हे आजच विचारून घ्या. चकचकीत परदेशी टाकीचा वॉशर नाशिकहून मागवावा लागत असेल तर ती टाकी घेऊ नये.

प्रश्न : ऑनलाइन कमोड मागवला, सवलतीत मिळाला. मिस्तरी म्हणतो हा बारा इंची आहे, तुमचा पाइप नऊवर आहे, फरशी फोडावी लागेल. दुसरा म्हणतो बेंड लावून बसवून देतो. कोणाचं ऐकू?
— भुसावळ

उत्तर : पहिल्याचं. पण फरशी फोडण्याआधी कमोड परत जातो का बघा.

जमिनीत उतरणाऱ्या तोंडाच्या कमोडला एस-ट्रॅप म्हणतात. त्याचं माप म्हणजे मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर. बाजारात साधारण ४, ९ आणि १२ इंची माल असतो. बारा इंची कमोड नऊच्या पाइपवर ठेवला तर त्याची पाठ तीन इंच भिंतीत जाईल, म्हणून तो बसूच शकत नाही. उलट असतं, म्हणजे पाइप बारावर आणि कमोड नऊचा, तर मागे तीन इंच फट राहिली असती एवढंच. बाजूला सरकलेला कनेक्टर मिळतो, पण तो इंच-दीड इंचाचा फरक झाकतो आणि मैल्याच्या वाटेत पायरी तयार करतो. सायफॉनिकला तर तो लावूच नये.

माप घेताना टाइल लागलेल्या भिंतीपासून घ्या. टाइल अजून लावायची असेल तर टाइल आणि मसाल्याची जाडी, साधारण एक इंच, आधीच वजा करा. बहुतेक चुका इथेच होतात. पाइप भिंतीत आडवा जात असेल तर तुम्हाला पी-ट्रॅप लागतो, आणि तिथे उंची बघायची : तयार फरशीपासून पाइपच्या मध्यापर्यंत सुमारे ७ इंच. जुन्या फरशीवर नवी टाइल चढवली की ही उंची इंच-सव्वा इंचाने घटते आणि नवा कमोड पाइपच्या वर राहतो. काही पी-ट्रॅप कमोडसोबत प्लॅस्टिकचा बेंड मिळतो, तो जोडला की तेच भांडं जमिनीतल्या पाइपवर बसतं आणि अंतर थोडं मागेपुढे करता येतं. तुमच्यासारख्या अडचणीत तो प्रकार विचारून बघा.

बसवतानाचं थोडं सांगतो, कारण खर्च वाया जातो तो इथेच. जुना कमोड काढण्याआधी अँगल कॉक (फ्लश टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा नळ) बंद, टाकीतलं आणि भांड्यातलं पाणी फडक्याने टिपून घ्यायचं. कमोड उचलला की पाइपच्या तोंडात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवायचा, नाहीतर सिमेंटचे तुकडे लाइनमध्ये पडतात आणि दोष नव्या कमोडवर येतो. बोळ्याला दोरी बांधून ती बाहेर ठेवा, म्हणजे विसरणार नाही. नवं भांडं आधी कोरडंच ठेवून बघायचं, पातळी लावायची, भोकांच्या खुणा करायच्या. बोल्टखाली प्लॅस्टिकची बाही आणि वॉशर हवा. पाना आळीपाळीने दोन्हीकडे थोडा थोडा फिरवायचा; एका बाजूने जोरात आवळला की चिनी माती तडकते. तोंडाला रबरी कनेक्टर लावा.

भांड्याखाली सिमेंट ठासून भरण्याची आपल्याकडे फार सवय आहे. ते करू देऊ नका. सिमेंट वाळताना आणि फरशी तापता-निवताना ताण येतो, तडे जातात, आणि पुढे भांडं काढायचं झालं तर फोडल्याशिवाय निघत नाही. कडेने सिलिकॉन लावा आणि मागच्या बाजूला दोन इंच जागा उघडी सोडा. जोड गळला तर पाणी तिथून बाहेर दिसेल. चहूबाजूंनी बंद केलं तर ते गुपचूप फरशीखाली मुरत राहील. चोवीस तास कमोड वापरू नका.

प्रश्न : नवीन बांधकाम आहे, तळमजलाच. गच्चीवर टाकी. भिंतीत बटण असलेला फ्लश व्हॉल्व्ह आणि भिंतीला टांगलेला कमोड बसवायचा विचार आहे. चालेल ना?
— देवपूर, धुळे

उत्तर : फ्लश व्हॉल्व्ह चालणार नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी व्हॉल्व्हपासून दहा मीटर उंच असेल तेव्हा एक बार दाब मिळतो. तुमच्या गच्चीवरची टाकी तिथून फार तर साडेतीन मीटर वर, म्हणजे दाब जेमतेम ०.३५ बार. फ्लश व्हॉल्व्हला साधारण अर्धा ते एक बार आणि सव्वा इंची स्वतंत्र लाइन लागते. टाकीखाली छोटा लोखंडी स्टँड उभारून हा फरक भरून निघत नाही. दाबाची हवा साठवणारे अमेरिकी प्रकारचे फ्लश तर विसराच, त्यांना सुमारे दीड बार दाब लागतो. प्रेशर पंप लावता येतो, पण वीज गेली की संडासही बंद.

टांगलेला कमोड मात्र जमू शकतो, त्याला भिंतीतली लपवलेली टाकी लावा. ती दाबावर चालत नाही, हळूहळू भरते आणि बाहेरच्या टाकीसारखीच सुटते. साडेचार इंची विटेची भिंत खोदून ती बसवू नका, भिंतीत काही उरत नाही. लोखंडी फ्रेम जमिनीला आणि मागच्या भिंतीला बोल्टने पक्की करून पुढे वेगळी अर्धी भिंत घ्या. चांगल्या फ्रेमची भारक्षमता ४०० किलोची असते. ती खोक्यावर लिहिलेली असते, नसेल तर माल परत करा. दुरुस्तीचा सगळा हात बटणाच्या पट्टीमागच्या चौकोनातूनच जातो, म्हणून पट्टीवर टाइल किंवा आरसा चिकटवू नका. गच्चीतून उतरणाऱ्या लाइनला जाळीचा फिल्टर लावा आणि महिन्याला धुवा. बोअरचं पाणी असेल तर आमचा कौल तरीही बाहेरच्या टाकीला. वॉशर बदलणं दहा मिनिटांचं काम, आणि झाकण कोणीही उघडू शकतं.

प्रश्न : गावात दोन खड्ड्यांचं शौचालय आहे, उतरत्या भांड्याचं. वडिलांचे गुडघे गेले. तिथेच वेस्टर्न बसवला तर?
— शहादा तालुका

उत्तर : खड्डे घात करतील. गावातलं ते उतरतं भांडं (त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो आणि ट्रॅपमध्ये फक्त २० मिलिमीटर पाणी) दीड ते दोन लिटरमध्ये साफ होतं. वेस्टर्नला ६ लिटर लागतात, ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी असतं. म्हणजे खड्ड्यात तिप्पट पाणी. मुरमाड जमिनीत ते झिरपेल, पण काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरतच नाही. खड्डा मैल्याने नाही, पाण्याने भरतो आणि भांड्यातून उलटा येतो. शिवाय भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवला तरच त्याचं खत होतं. दुसरा लवकर भरला तर ते गणित बिघडतं.

वडिलांसाठी त्याच भांड्यावर बसणारी, मधे भोक असलेली लोखंडी कमोड खुर्ची आणा. पाय रबरी बुटांचे, उंची १६ ते १८ इंच, दोन्ही बाजूंना हात टेकायची सोय. भिंतीला एक पकडदांडा, गवंड्याकडून आरपार बोल्टने. नुसत्या स्क्रूवर माणसाचं वजन टाकू नये. पुढे सेप्टिक टँक बांधाल तेव्हा वेस्टर्न बसवा. तेव्हाही आंघोळीचं पाणी टाकीत सोडू नका.

प्रश्न : वर्षभरापूर्वी बसवलेला वन-पीस कमोड आता दोन-दोनदा फ्लश करावा लागतो. भांड्यात पिवळट थर. प्लंबर म्हणतो पॉटच खराब, बदला.
— जळगाव

उत्तर : वर्षात भांडं खराब होत नाही. एक बादली, सहा-सात लिटर पाणी, गुडघ्याच्या उंचीवरून एकदम ओता. सगळं झपकन गेलं तर लाइन आणि ट्रॅप ठीक, दोष टाकीकडचा. पाणी वर चढून रेंगाळलं तर अडथळा पुढे आहे, किंवा गच्चीवरच्या हवेच्या पाइपाच्या तोंडात पक्ष्याने घरटं केलंय. हा पाइप कोणी बघत नाही. तो बंद झाला की फ्लश करताना नहाणी ट्रॅपमधून (न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधून) गुळगुळ आवाज येतो.

टाकीकडचा दोष असेल तर झाकण काढा. आतल्या भिंतीवर पाण्याची खूण असते. पाणी तिच्याखाली थांबत असेल तर बॉल कॉकचा (तरंगत्या गोळ्याच्या नळाचा) स्क्रू फिरवून पातळी वर घ्या. बटणाची दांडी सायफनला पूर्ण उचलते का बघा. मग टाकीत कपड्यांची नीळ चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं तर वॉशर पाझरतोय, टाकी अर्धीच भरते आणि फ्लश कमजोर पडतो.

तुमच्याकडे मात्र बहुधा काठाखालची भोकं क्षाराने बुजली आहेत. छोटा आरसा खाली धरून पाहा. लिटरभर गरम (उकळतं नको) पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. भांड्यातलं पाणी ब्रशने पुढे ढकलून कमी करा, त्या द्रावणात भिजवलेला कापूस काठाखाली दाबून ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी जुन्या टूथब्रशने आणि प्लॅस्टिक काडीने भोकं मोकळी करा. तारेने खरवडलं की झिलई जाते आणि थर दुप्पट वेगाने बसतो. फरशीचं ॲसिड ओतू नका, बोल्ट आणि वॉशर खातं, सेप्टिक टँकमधले जंतूही मारतं. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर चुकूनही एकत्र नको, क्लोरिन वायू तयार होतो आणि बंद संडासात जीवावर बेततं. टाकीत टाकायच्या क्लोरिनच्या वड्याही बंद करा, रबर कडक होतं ते त्यांनीच.

प्रश्न : मे महिन्यात घर बंद करून पुण्याला मुलाकडे जातो. परत आलो की संडासात असह्य वास आणि झुरळं. कमोड बदलावा का?
— चोपडा

उत्तर : नको. ट्रॅपमधलं ५० मिलिमीटर पाणी आपल्या उन्हाळ्यात सुकतं आणि गटाराची हवा थेट घरात येते. नहाणी ट्रॅप त्याहून आधी सुकतो. निघायच्या दिवशी अँगल कॉक बंद करा, शेवटचा फ्लश झाला की कमोडमध्ये आणि प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये दोन-तीन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर पसरतो आणि बाष्पीभवन अडवतो. नहाणीच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून वर वीट ठेवा. महिन्याभरापेक्षा जास्त राहणार असाल तर शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन मधे एकदा तांब्याभर पाणी घालायला सांगा.